व्यपगत : नागपुरातल्या एका शिपायाच्या जागेचं प्रकरण

३० जून २०२३ ला आमच्या शाळेचे शिपाई, आम्हा सगळ्यांचे काका, निवृत्त झाले. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे नवं सत्र सुरू व्हायला आणि काका जायला एकच गाठ पडली. शाल, श्रीफळ, तर्री-पोहे, दोन भाषणं. मग त्यांनी माझ्या टेबलावर किल्ल्यांचा जुडगा ठेवला. एकतीस किल्ल्या, प्रत्येकीला रंगीत दोरा.

"बाबू, हिरवा दोरा पाण्याच्या मोटारीच्या खोलीचा. लाल दोन, जुन्या दफ्तराच्या पेट्यांचे. न् ही बारकी कशाची आहे ते मलेबी माहीत नाही, पण फेकू नका जी."

मी या शाळेत वरिष्ठ लिपिक. शालार्थवर, म्हणजे सरकारच्या पगाराच्या पोर्टलवर, बिलं टाकणं, संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला किती पदं मंजूर त्याचे, आकडे भरणं, दाखले देणं हे माझं काम. शाळा खासगी अनुदानित, पूर्व नागपुरातली, पाचवी ते दहावी, पट सव्वाचारशेच्या आसपास. नाव लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट फारशी बदलणार नाही.

काकांची जन्मतारीख १ जुलै. आमच्या स्टाफमधल्या निम्म्या जुन्या लोकांची तीच आहे. त्या काळी मास्तर पोराला शाळेत घालताना अंदाजानं तीच टाकायचे. १ जुलैचा जन्म म्हणजे ३० जूनला निवृत्ती, त्यामुळे आमच्याकडे माणसं घटतात तीही ऐन शाळा उघडताना. चतुर्थश्रेणीला साठाव्या वर्षी निवृत्ती असते. काका १९८९ ला लागले होते, चौतीस वर्षं झाली. २०१२ मध्ये शाळेत चार शिपाई होते. मग तीन, मग दोन, शेवटी एकटे काका. त्यांच्यानंतर शून्य.

ही जागा भरली जाणार नाही, हे आम्हाला अडीच वर्षं आधीपासून ठाऊक होतं. ११ डिसेंबर २०२० ला शालेय शिक्षण विभागाचा जीआर आला. खासगी अनुदानित शाळांतल्या शिपाई, पहारेकरी, सफाईगार, कामाठी अशा पदांवर जे काम करताहेत ते निवृत्तीपर्यंत राहतील, नंतर पद व्यपगत होईल आणि त्याऐवजी शाळेला ठोक शिपाई भत्ता मिळेल. मुंबई-पुण्याला महिन्याला १०,०००, इतर महापालिकांच्या हद्दीत ७,५००, ग्रामीण भागात ५,०००. नागपूर साडेसात हजारांत बसलं.

'व्यपगत' हा शब्द जरा चाखून बघा. रद्द म्हटलं की कुणी तरी रद्द केलं असं होतं. व्यपगत म्हणजे आपोआप गेलं, जसं दूध नासतं. कोणाला काढलं नाही, कोणाच्या घरची चूल विझली नाही, म्हणून बोंबही झाली नाही. काकांची पेन्शन शाबूत होती. ज्याला ही नोकरी लागली असती तो आज कुठे आहे, काय करतोय, हे त्यालाही माहीत नाही. त्याचा मोर्चा कोण काढणार?

मोर्चे आम्ही काढतो, नाही असं नाही. डिसेंबरात अधिवेशन भरलं की टेकडी रोड, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट, यशवंत स्टेडियम हे आमचे नेहमीचे थांबे. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, १४ ते २०. मीही होतो. दहावीची परीक्षा चालू होती. काका संपात होते, तरी पहाटे सायकलवर येऊन मोटार लावून टाकी भरायचे आणि मग मंडपात येऊन बसायचे. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना पेन्शन द्या, ही आमची घोषणा. काकांनंतर त्या जागेवर कोणी लागणारच नाही, तर पेन्शन कोणाला मागायची, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या तोंडी तरी फक्त पेन्शनच होती.

जीआर निघाला त्या वर्षाचं वातावरणही सांगायला हवं. ४ मे २०२० ला वित्त विभागानं करोनामुळे विकासकामांच्या खर्चाला ६७ टक्के कात्री लावली, नवी भरती थांबवली, आरोग्यासारखे मोजके विभाग वगळून. तिजोरी खरोखर कोरडी होती, ते मान्य. कात्री त्या वर्षापुरती होती, पुढच्या वर्षांत खर्च पुन्हा वाढला. शिपायाचा जीआर मात्र तिथेच राहिला. खड्डा बुजला आणि खड्ड्याभोवती लावलेली काठी रस्त्यात तशीच, असं झालं. अर्थात शिक्षकेतरांच्या आकृतिबंधाचा, म्हणजे शाळेला अशी किती पदं द्यायची याचा, घोळ त्याहून कितीतरी जुना आहे. जुने लिपिक एकत्र आले की अजूनही चिपळूणकर समितीच्या निकषांवर येतात आणि चहा गार होतो.

हिशोब

हिशोब मीच मांडला, कारण बिलं मीच करतो. काकांचा शेवटचा ढोबळ पगार पन्नास हजारांच्या वर होता, पण ती तुलना खरी नाही. तुलना नव्या शिपायाशी करायची. सातव्या वेतन आयोगात त्याची श्रेणी एस-१, १५,००० ते ४७,६००. २०२३ च्या मध्याला महागाई भत्ता ४२ टक्के, म्हणजे ६,३००. घरभाडं आणि किरकोळ भत्ते धरले की नवा माणूस महिन्याला चोवीस-पंचवीस हजारांना पडला असता. भत्ता ७,५००. सरकारचे वाचले महिन्याला सतरा हजार, वर्षाला दोन लाख. पेन्शनचा वाटा वेगळाच. एका शाळेमागे दोन लाख आणि राज्यात अशा जागा हजारोंनी. वित्त विभागात बसलेल्या माणसाला हा आकडा दिसतो, आणि दिसायलाच हवा.

दुसऱ्या बाजूनं पाहू. ७,५०० ला २६ दिवसांनी भागा, २८८ रुपये रोज. रोजगार हमीचा कायदा ज्या राज्यानं १९७७ साली केला, तिथे मनरेगाची मजुरी २०२३-२४ ला २७३ रुपये होती, २०२४-२५ ला २९७, २०२५-२६ ला ३१२. म्हणजे शाळेची घंटा वाजवणारा पहिल्या वर्षी खोदकाम करणाऱ्याच्या १५ रुपये पुढे होता, दुसऱ्या वर्षी ९ रुपये मागे, तिसऱ्या वर्षी २४ रुपये मागे. मजुरी एप्रिलला वाढत गेली. ठोक भत्ता ठोकच राहतो.

या पैशात कोण येतं? आधी एक पोरगा आला. बी. ए. झालेला, चुणचुणीत. त्यानं संगणकावर माझी निम्मी कामं हलकी केली, चार महिन्यांत एकाही महिन्याचा भत्ता हातात पडला नाही, आणि दिवाळीनंतर तो डिलिव्हरीच्या कामाला लागला. जाताना पाया पडला. मला राग येईना, येणार कोणत्या तोंडानं?

जानेवारी २०२४ पासून एक ताई येतात. जवळच्याच वस्तीतल्या. सकाळी दोन घरी स्वयंपाक करून साडेनऊला शाळेत, दोनला पुन्हा तिसऱ्या घरी. साडेसात हजारांत पूर्ण दिवस मागायची हिंमत मुख्याध्यापिका बाईंना झाली नाही आणि ते बरोबरच होतं. ताई म्हणजे शिपाई नाहीत. त्यांना हजेरीपट नाही, रजा नाही, शालार्थ आयडी नाही. शाळेनं ठेवलेली बाई, एवढीच त्यांची ओळख.

आता मजा पाहा. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजना लागू झाली. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, वय एकवीस ते पासष्ट. ताईंचं वर्षाचं मानधन ९०,०००, त्या पात्र. ऑगस्टमध्ये त्यांच्या खात्यात दोन महिन्यांचे ३,००० रुपये पडले. त्या दिवशी शाळेचा भत्ता सहा महिन्यांचा थकला होता. मोबाइल दाखवत त्या मला म्हणाल्या, "भाऊ, बहिणीचे आले. चपराशाचे कधी येणार?" मी हसलो. नंतर घरी जाताना स्कूटरवर ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. सरकार तेच, बाई तीच. मदत म्हणून दिलेला पैसा पोचतो आणि कामाचा पैसा अडतो.

अडतो का, तर वाट वेगळी आहे. काकांचा पगार शिक्षकांच्या पगाराबरोबर एकाच बिलात जायचा. महिना संपला की बिल, बिल गेलं की पगार. चार-आठ दिवस इकडेतिकडे, पण यायचा. पगार अडवला तर राज्यभर गोंधळ होतो, म्हणून पगाराच्या तरतुदीला सहसा कोणी हात लावत नाही. भत्त्याचं आमच्याकडे तसं नाही. आधी प्रस्ताव, मग त्रुटी, मग पुन्हा प्रस्ताव, मग मान्यता, आणि मग "तरतूद आली की कळवू". वरच्या ऑफिसात मी या एका फायलीसाठी सात चकरा मारल्या. तिथला बाबू वाईट नव्हता, त्याच्याच टेबलावर दोन रिकाम्या जागांचं काम होतं. त्रुटी कोणत्या? एकदा पटसंख्येचा दाखला जुना, एकदा विद्यार्थ्यांच्या आधार पडताळणीचा आकडा जुळेना, एकदा संस्थेच्या ठरावावर सही होती पण तारीख नव्हती.

त्यातच २०२५ मध्ये नागपूर विभागातलं बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं. रीतसर न नेमलेल्या शिक्षकांच्या नावावर पगार निघत होते, अधिकाऱ्यांना अटका झाल्या. झालं ते फार चांगलं झालं. पण त्यानंतर आमच्यासारख्यांची प्रत्येक फाइल चिमट्यानं उचलली जाऊ लागली. ज्यांनी पूर्ण पगार लाटले ते लाटून गेले, आणि साडेसात हजारांच्या कागदाला तीन सह्या जास्त लागू लागल्या.

काम गेलं कुठे?

काकांचं काम व्यपगत झालं नाही. ते वाटलं गेलं. दार पीटीचे सर उघडतात, घंटा ज्याचा तास रिकामा त्यानं द्यायची, त्यामुळे ती कधी तीन मिनिटं आधी तर कधी सात मिनिटं उशिरा होते. वरच्या ऑफिसात डाक द्यायला मी जातो, तेवढा वेळ खिडकी बंद. रात्रीचा पहारा कोणीच करत नाही. पहिल्याच दिवाळीच्या सुटीत पिण्याच्या पाण्याच्या पितळी तोट्या गेल्या. आता प्लास्टिकच्या आहेत, त्यांना चोरही हात लावत नाही.

मुलींच्या स्वच्छतागृहाचं सांगतो. ताई दोनला जातात. त्यानंतर ते धुवायला कोणी नाही, म्हणून तीननंतर त्याची अवस्था बघवत नाही. आठवीच्या वर्गशिक्षिकेच्या लक्षात आलं की पाच-सहा मुली मधल्या सुटीत घरी जातात आणि महिन्यातले काही दिवस परतच येत नाहीत. दुसऱ्या सत्राची हजेरी आधी कोणी इतकी बारकाईनं पाहत नव्हतं. त्या बाईंनी आता फिनाइलची बाटली स्वतःच्या कपाटात ठेवली आहे. किल्लीही त्यांच्याकडेच. पदव्युत्तर शिक्षण झालेली, गणित फार सुंदर शिकवणारी बाई. साडेतीनला बादली घेऊन जाते. कोणत्या लेखाशीर्षात हा खर्च दाखवायचा, मला कोणी सांगावं.

दुसरा प्रसंग २०२४ च्या पावसाळ्यातला. एक आजोबा आले, बरोबर नातू. नातवाचा इंजिनिअरिंगचा प्रवेश, जातवैधता हवी. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आजोबा आमच्याच शाळेत चौसष्ट-पासष्टच्या सुमारास शिकलेले. दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मिळाला की काम होणार होतं. लाल दोऱ्याच्या किल्ल्यांनी मी दोन्ही पेट्या उघडल्या. एका पेटीत वाळवी, दुसरीत १९७१ पासून पुढचं. चार दिवस शाळा सुटल्यावर शोधलं. आजोबा रोज येऊन व्हरांड्यात बसायचे. पाचव्या दिवशी मी काकांना फोन लावला.

ते तासाभरात आले. थेट प्रयोगशाळेत गेले, सल्फ्युरिक आम्लाच्या रिकाम्या बाटल्यांच्या मागचं लाकडी कपाट हलवलं, खालच्या कप्प्यातून मेणकापडात गुंडाळलेली तीन रजिस्टरं काढली. "वाळवी लागली तेव्हा इकडे आणून ठेवली होती ना जी. त्या वक्ताले हेडमास्तर दुसरे होते, त्याईले सांगतलं होतं." दहा मिनिटांत आजोबांचं नाव सापडलं, जांभळ्या शाईत, वडिलांच्या धंद्यासकट. नातवाचं काम वेळेत झालं. काका चहा पिऊन गेले. येण्याजाण्याचे पैसे घेतले नाहीत.

एक गोष्ट नमूद करतो, कारण ही बाजू लिहिली नाही तर प्रकरण खोटं होईल. जुनी व्यवस्था काही सोन्याची नव्हती. अनुदानित शाळेत चपराशाची जागा कशी भरली जायची हे विदर्भात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. जागेला भाव असायचा, आणि तो संस्थाचालकाच्या खिशात जायचा. कित्येक शिपाई शाळेच्या हजेरीपटावर सही करून संस्थाचालकाच्या शेतावर राबायचे. पगार सरकारचा, गडी मालकाचा. सरकारनं कात्री लावली ती या जागी लावली, यात मला आश्चर्य वाटत नाही. जिथे कुजकं आहे तिथे कापताना कोणी ओरडत नाही. पण कुजकं काढायचं तर भरती पारदर्शक करता आली असती. जागाच काढली, तर भाव खाणारा संस्थाचालक तसाच राहिला आणि मोटार लावणारा गेला.

पैशाचा मोठा प्रश्नही खरा आहे. २०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा, महसुली तूट ४५,८९१ कोटी, राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार २३५ कोटी. पगार, पेन्शन आणि व्याज यांतच महसुलाचा निम्म्याहून अधिक भाग जातो. यातल्या व्याजाला हात लावता येत नाही, पेन्शन थांबवता येत नाही, असलेल्यांचा पगार कापता येत नाही. उरतं ते न भरणं. म्हणून राज्यात दोन लाखांहून अधिक सरकारी पदं रिकामी राहतात, अधूनमधून ७५ हजारांच्या महाभरतीची घोषणा होते, आणि सप्टेंबर २०२३ सारखा नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरती करण्याचा जीआर निघतो. तो ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला, कारण स्पर्धा परीक्षेची पोरं रस्त्यावर उतरली. कलेक्टर-तहसीलदार व्हायचं स्वप्न बघणाऱ्या पोरांना आवाज आहे. शिपाई व्हायचं स्वप्न कोणी उघडपणे बघत नाही, म्हणून २०२० चा जीआर टिकला. २०२५-२६ च्याच अर्थसंकल्पात लाडक्या बहिणीला ३६ हजार कोटी होते, आधीच्या वर्षी ४६ हजार कोटी जाहीर केले होते. मी त्या योजनेच्या विरोधात नाही, ताईंच्या घरी गॅसचं सिलिंडर त्यातून येतं. पण "पैसाच नाही" हे वाक्य कोणत्या टेबलावर ऐकवलं जातं आणि कोणत्या टेबलावर नाही, एवढं दिसतं.

संस्थेकडे आम्ही अर्ज केला. उत्तर आलं, वेतनेतर अनुदानातून भागवा. ते येतं तेव्हा वीजबिलाची थकबाकी आधी उभी असते. पालकांकडून घ्यावं तर आठवीपर्यंत शिक्षण मोफत, आणि आमचे पालक हातगाडीवाले, बांधकामावरचे मजूर. शेवटी २०२४ च्या जुलैत स्टाफरूममध्ये ठरलं. मुख्याध्यापिका धरून पंधरा माणसं, प्रत्येकी ५०० रुपये. पंधरा पंचे पंच्याहत्तर, बरोबर साडेसात हजार. दर महिन्याच्या पाच तारखेला ताईंच्या हातात द्यायचे, भत्ता आला की ज्याचे त्याला परत. त्याची एक वही मी ठेवली आहे. दोनशे पानी, वर लिहिलंय 'उसनवारी'.

भत्ता येतो, अगदी येत नाही असं नाही. मार्चच्या शेवटी एकदम येतो. ३१ मार्चला कोषागाराची घाई सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०२५ च्या मार्चमध्ये थकलेला बराच भाग निघाला आणि मी सगळ्यांचे पैसे मोजून परत केले. ताईंचे लाडकी बहीण आल्या दिवशीचे सहा महिनेही तेव्हाच फिटले. त्यानंतर पुन्हा वही सुरू. एप्रिल ते ऑक्टोबर २०२५, सात महिने, ५२,५०० रुपये. डिसेंबरात अधिवेशन नागपुरात भरलं, पुरवणी मागण्या ७५ हजार कोटींच्या वर गेल्या, आम्ही वहीत आठव्या महिन्याची ओळ ओढली. दोन शिक्षकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, पुढच्या महिन्यापासून आपलं नाव कमी करता येईल का. एकाच्या पोरीची नीटची शिकवणी आहे. त्याला नाही कसं म्हणायचं? मी त्याचे पाचशे माझ्या नावावर लिहिले, त्याला सांगितलं नाही.

किल्ल्यांचा जुडगा आता फुटला आहे. सात माझ्याकडे, अकरा पीटीच्या सरांकडे, चार ताईंकडे, बाकीच्या इकडेतिकडे. ती बारकी किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

प्रयोगशाळेचे परिचर ३० जून २०२६ ला निवृत्त होताहेत. जन्मतारीख तीच, १ जुलै. त्यांच्याकडे नऊ किल्ल्या आहेत. वहीला दुसरा रकाना पाडावा लागणार, पाचशेचे हजार होणार. स्टाफरूममध्ये अजून कोणी विषय काढलेला नाही.